डीएक्स क्लस्टरवर स्पॉट दिसला, पुढे काय? दूरच्या संपर्कांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सांगली-मिरज आणि सातारा-कराड भागात नव्याने एचएफवर (लघुलहरींच्या बँडवर) येणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मित्रांच्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) आणि त्यांच्या शेजारी बसून काम पाहताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. डीएक्स क्लस्टर म्हणजे दूरचे (डीएक्स) स्टेशन ऐकल्याची खबर हॅम एकमेकांना इंटरनेटवरून देतात ते जाळे, आणि त्यातली एकेक खबर म्हणजे स्पॉट. संगणकावर असा स्पॉट झळकतो, त्यावर टिचकी मारली जाते, रेडिओ त्या वारंवारतेवर जातो आणि दोन सेकंदांत माईकचे बटण दाबले जाते. समोरचे स्टेशन ऐकू आले का, ते नेमके कोण आहे, ते कुठे ऐकत आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधीच प्रसारण सुरू होते. स्पॉट म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी कानांनी, दुसऱ्या कुठल्या तरी गावी ऐकलेली गोष्ट असते. ती आपल्या अँटेनावर खरी आहे की नाही, हे आपल्याच कानांनी ठरवावे लागते. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

एक खुलासा आधीच करतो. क्लस्टरचे आदेश रोमन लिपीत टंकायचे असतात. या लेखात ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

## १. टेबलावरची तयारी: घड्याळ, परवाना, स्थान

घड्याळ. स्पॉटच्या ओळीतली वेळ नेहमी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि तिच्यापुढे 'झेड' हे अक्षर असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. स्पॉटवर १३३०झेड असेल, तर सांगलीत संध्याकाळचे सात वाजलेले असतात. पहाटे पाचला केलेला संपर्क यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीच्या २३३० ला झालेला असतो, त्यामुळे लॉगमध्ये तारीखही आदल्या दिवसाचीच पडली पाहिजे. रेडिओशेजारी यूटीसी लावलेले स्वतंत्र घड्याळ ठेवावे आणि मनातल्या मनात वजाबाकी करण्याची सवय लावू नये. एफटी८ (संगणकाने पाठवायची आणि वाचायची डिजिटल पद्धत) वापरणार असाल, तर संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून सतत जुळत राहील अशी व्यवस्था करा. त्या पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांचे खंड असतात आणि घड्याळ एक-दोन सेकंद चुकले तरी डिकोड होणे बंद पडते.

परवाना. क्लस्टरवर जगभरचे स्पॉट येतात, पण जगभरचे बँड आपल्या परवान्यात सारखे नसतात. सर्वाधिक फसगत ७ मेगाहर्ट्झवर होते. अमेरिकेतली स्टेशने तिथे ७.३०० पर्यंत आवाजी संपर्क करतात. आपली हद्द ७.२०० ला संपते. ७.२४० चा स्पॉट दिसला, तर तो ऐकण्यापुरताच आहे. दुसरी गोष्ट शक्तीची. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला एचएफवर ५० वॅटची मर्यादा आहे आणि बाजारातले बहुतेक रेडिओ १०० वॅटवर लावलेले येतात. तो आकडा पहिल्याच दिवशी खाली आणून ठेवा.

स्थान. क्लस्टर, पीएसके रिपोर्टर (कोणाचा सिग्नल कुठे पोचला हे नकाशावर दाखवणारे संकेतस्थळ) आणि लॉगिंगचे सॉफ्टवेअर, तिन्ही ठिकाणी ग्रिड लोकेटर (नकाशावरच्या आपल्या चौकटीची अक्षर-आकड्यांची खूण) विचारला जातो. सांगली आणि मिरज एमके७६ मध्ये येतात, कराड एमके७७ मध्ये आणि महाबळेश्वर एमके६७ मध्ये. सातारकरांनी इथे विशेष काळजी घ्यावी, कारण ७४ अंश पूर्व रेखांश शहराला लागूनच जातो आणि शहराच्या एका भागातले घर एमके६७ मध्ये, तर दुसऱ्या भागातले एमके७७ मध्ये येऊ शकते. मित्राचा लोकेटर उतरवून घेऊ नका. फोनच्या नकाशावर स्वतःच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश पाहून तो काढा.

> पडताळा: हॅम जगाचे क्रमांकित विभाग (झोन) दोन पद्धतींनी मोजतात; भारताचा सीक्यू झोन २२ आणि आयटीयू झोन ४१ आहे. सॉफ्टवेअरमध्ये हे दोन आकडे उलटसुलट भरले गेले असतील, तर पुढची गाळणी (स्पॉटचा फिल्टर) चुकीचे स्पॉट दाखवील.

## २. आधी स्वतःचे कान तपासा

इंटरनेट जोडण्यापूर्वी आपले स्टेशन किती ऐकते हे माहीत असले पाहिजे. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात आणि मग महिनोन्महिने क्लस्टरला दोष देतात.

प्रथम नॉइज, म्हणजे सिग्नल झाकणारी खरखर. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, १४ मेगाहर्ट्झच्या रिकाम्या जागेवर एस-मीटर (सिग्नलची पातळी दाखवणारा काटा) पाहून आकडा लिहून ठेवा, मग घराचा मुख्य एमसीबी पाडा आणि पुन्हा पाहा. माझ्या घरी या एका कृतीने काटा सातवरून दोनवर आला. मग एकेक सर्किट परत चालू करत गेलो, तेव्हा दोषी सापडला तो पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या छोट्या यंत्राचा अडॅप्टर. पन्नास वॅटचे पाचशे वॅट केले असते तरी त्या अडॅप्टरने झाकलेला एकही सिग्नल मला ऐकू आला नसता. एलईडी ट्यूबलाइटचे ड्रायव्हर, सौर इन्व्हर्टर आणि फोनचे चार्जर हे बाकीचे नेहमीचे संशयित. मळ्यात राहणाऱ्यांनी शेतीच्या थ्री-फेज विजेचे वेळापत्रकही टिपून ठेवावे. परिसरातल्या मोटारी सुरू झाल्या की काटा किती चढतो हे ठाऊक असले, म्हणजे कोणत्या तासांत दूरचे ऐकण्याची आशा धरायची ते कळते. एमसीबी पाडूनही नॉइज तसाच राहिला, तर उगम घराबाहेर आहे. विजेच्या तारांवरच्या धुळकट इन्सुलेटरचा खरखराट उन्हाळ्यात वाढतो आणि चांगल्या पावसाने धुऊन निघाला की कमी होतो.

मग अँटेना. २० मीटर (१४ मेगाहर्ट्झ) बँडचा साधा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली सरळ तार) सुमारे दहा मीटर लांबीचा, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर तारेचा होतो. तो पुरेशा उंचीवर असेल, तर तारेच्या काटकोनात जास्त ऐकतो. आपल्याकडून युरोप वायव्येला पडतो, म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणावी. बंगल्याच्या दोन कोपऱ्यांत सोयीचे खांब आहेत म्हणून तीच तार वायव्य-आग्नेय ताणली, तर युरोप तारेच्या टोकाच्या दिशेला जातो आणि नेमका तिथेच डायपोल सर्वांत कमी ऐकतो. जपान ईशान्येला आहे. उत्तर अमेरिकेचा आखूड मार्ग जवळपास उत्तर ध्रुवावरून जातो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे दक्षिण क्षितिज डोंगराने झाकलेले असते; त्या दिशेने अगदी कमी कोनातून येणारे सिग्नल त्यांना सांगलीच्या सपाटीवरच्या माणसापेक्षा क्षीण मिळणार, हे गृहीत धरून अपेक्षा ठेवाव्यात.

शेवटी बीकन, म्हणजे आपोआप ठरावीक सिग्नल पाठवणारी स्टेशने. आंतरराष्ट्रीय बीकन प्रकल्पात जगभर १८ ठिकाणांना वेळा वाटून दिलेल्या आहेत. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झ या पाच वारंवारतांवर ती स्टेशने आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांनी फेरा पुन्हा सुरू होतो. प्रत्येक बीकन मोर्समध्ये आपले कॉलसाइन (स्टेशनचे ओळखनाव) देतो आणि त्यापाठोपाठ चार लांब सूर देतो: पहिला १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा आणि चौथा ०.१ वॅटचा. काही बीकन अधूनमधून बंद असतात, म्हणून एकाच फेऱ्यावरून निष्कर्ष काढू नका. पण १४.१०० वर तीन फेरे, म्हणजे नऊ मिनिटे, शांत बसून ऐकले, की कोणती दिशा उघडी आहे आणि फिनलंडच्या बीकनचा दुसरा सूर आपल्याकडे पोचतो की पहिल्यावरच संपतो, हे कळते. क्लस्टरची कितीही पाने चाळली तरी ही माहिती तिथे मिळत नाही.

> सूचना: वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आले की अँटेनाची केबल रेडिओपासून काढा आणि घराबाहेर ठेवा. इंटरनेटवर स्पॉट दिसत राहिले तरी मोह आवरा.

## ३. जोडणी

क्लस्टर वापरण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ब्राउझरमध्ये डीएक्स समिट किंवा डीएक्स हीटसारखी पाने उघडणे. दोन, टेलनेटने (नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या जोडणीने) एखाद्या नोडला (क्लस्टरच्या सर्व्हरला) जोडून घेणे. पहिल्या काही दिवसांसाठी ब्राउझर पुरतो. पण मनासारखी गाळणी हवी असेल, तर टेलनेटला पर्याय नाही. लॉगफोरओएम, एनवनएमएम लॉगर प्लस यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टेलनेटची खिडकी आधीपासून असते. नोडचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक भरा आणि विचारल्यावर आपले कॉलसाइन द्या. त्यानंतर एकदाच नाव, गाव आणि लोकेटर नोंदवा. त्यासाठी 'सेट स्लॅश नेम', 'सेट स्लॅश क्यूटीएच' आणि 'सेट स्लॅश क्यूआरए' हे आदेश आहेत. 'एसएच स्लॅश डीएक्स' दिले की अलीकडचे स्पॉट दिसतात.

एका वेळी एकच नोड पुरे. हे नोड आपसांत स्पॉटची देवाणघेवाण करतात, त्यामुळे तीन नोड जोडल्याने माहिती तिप्पट होत नाही. त्याच ओळी तीनदा येतात.

रेडिओ संगणकाला कॅट केबलने (संगणकावरून रेडिओ चालवणाऱ्या केबलने) जोडला असेल, तर बॉड रेट (जोडणीचा वेग) दोन्हीकडे सारखा आहे ना ते पाहा आणि स्पॉटवर टिचकी मारल्यावर मोडही (मोर्स, आवाज असा प्रसारणाचा प्रकार) बरोबर बदलतो का हे तपासा. बरेचसे सॉफ्टवेअर वारंवारतेवरून मोडचा अंदाज बांधते आणि बँडच्या सीमेवर तो अंदाज चुकतो. १० मेगाहर्ट्झच्या खाली आवाजासाठी एलएसबी (खालची बाजूपट्टी) आणि वर यूएसबी (वरची बाजूपट्टी) ही रीत तुम्हाला पाठ असेल, तर चूक चटकन लक्षात येते.

## ४. गाळणी: सर्वाधिक वेळ इथे द्या

गाळणी न लावलेला क्लस्टर म्हणजे मार्केट यार्डात सौदे चालू असताना मधोमध उभे राहण्यासारखे आहे. आवाज सगळीकडून येतो आणि कामाचा एकही कळत नाही. गाळणीतला मुख्य प्रश्न मात्र बहुतेक जण उलटा विचारतात. त्यांना हवे असते 'कोणत्या देशाचा स्पॉट'. आधी विचारायला हवे 'स्पॉट टाकला कोणी'.

स्वतःचाच अनुभव सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका रात्री नऊच्या सुमारास २८ मेगाहर्ट्झवर कॅरिबियनमधल्या एका बेटाचे स्पॉट ओळीने येत होते, मिनिटाला चार-पाच. मी वीस मिनिटे हाका मारल्या. मध्येच काहीतरी कुजबुज ऐकू येते आहे असे वाटायचे आणि मी आणखी जोराने बोलायचो. नंतर शांतपणे यादी पाहिली, तेव्हा प्रत्येक स्पॉट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेला होता. रात्री नऊ म्हणजे १५३०झेड. तिथे भर सकाळ होती आणि त्यांचा दहा मीटर (२८ मेगाहर्ट्झ) बँड टवटवीत होता. आपल्याकडे सूर्य मावळून दोन-अडीच तास झाले होते आणि आपल्या बाजूचा बँड केव्हाच बंद पडला होता. माझे वीस मिनिटांचे प्रसारण त्या बेटापर्यंत पोचणे शक्यच नव्हते.

म्हणून पहिली गाळणी स्पॉटरच्या, म्हणजे स्पॉट टाकणाऱ्याच्या, सीक्यू झोनची लावा. झोन २२ मध्ये भारताबरोबर श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि मालदीव येतात. पाकिस्तान, इराण आणि आखाती देश झोन २१ मध्ये आहेत. थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम आणि आपले अंदमान-निकोबार झोन २६ मध्ये. डीएक्स-स्पायडर प्रकारच्या नोडवर आदेश असा आहे: 'ॲक्सेप्ट स्लॅश स्पॉट्स', मग मोकळी जागा, मग 'बाय अंडरस्कोर झोन', मग मोकळी जागा आणि स्वल्पविरामांनी जोडलेले आकडे २१,२२,२६. दिवसभरात स्पॉट फारच थोडे येतात असे वाटले, तर १७ म्हणजे कझाकस्तानचा पट्टा आणि २८ म्हणजे मलेशिया-इंडोनेशिया जोडा. 'शो स्लॅश फिल्टर' देऊन लावलेली गाळणी वाचून पाहा. बिघडली तर 'क्लिअर स्लॅश स्पॉट्स ऑल' देऊन नव्याने सुरू करा. इथे एक सूक्ष्म फरक आहे. 'बाय झोन' स्पॉट टाकणाऱ्याचा असतो, तर 'कॉल झोन' स्पॉट झालेल्या स्टेशनचा. या दोन शब्दांची अदलाबदल झाली की क्लस्टर फक्त शेजारच्या देशांचेच स्पॉट दाखवतो आणि माणूस म्हणतो की आज डीएक्सच नाही.

दुसरी गाळणी यंत्रांच्या स्पॉटची. रिव्हर्स बीकन नेटवर्कमध्ये माणूस ऐकत नसतो. स्किमर नावाचे सॉफ्टवेअर संपूर्ण बँडवरचे मोर्स एकाच वेळी वाचते आणि 'सीक्यू' (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) देणाऱ्या प्रत्येकाचे कॉलसाइन, वेग आणि सिग्नलची पातळी कळवते. मोर्स येत नसेल, तर हे स्पॉट पूर्ण बंद करा. त्यासाठीचा आदेश काही नोडवर 'सेट स्लॅश नोस्किमर' असतो आणि काहींवर 'अनसेट स्लॅश स्किमर'. मोर्स येत असेल, तरी स्पॉटरच्या झोनची गाळणी त्यांनाही लावा.

तिसरी गाळणी बँडची आणि ती आपल्या अँटेनानुसार लावायची. २० मीटरचाच डायपोल असलेल्याने १२ मीटरचे स्पॉट पाहून हळहळण्यात अर्थ नाही.

> पडताळा: गाळणी लावल्यावर अर्धा तास फक्त निरीक्षण करा. या वेळात आलेल्या दहा स्पॉटपैकी किमान तीन-चार स्टेशने प्रत्यक्ष ऐकू आली पाहिजेत. एकही आले नाही, तर गाळणीत किंवा अँटेनात दोष आहे, मागे जा.

## ५. स्पॉटची ओळ कशी वाचावी

ओळीत क्रमाने पाच गोष्टी असतात: स्पॉटरचे कॉलसाइन, किलोहर्ट्झमधली वारंवारता, स्पॉट झालेल्या स्टेशनचे कॉलसाइन, शेरा आणि वेळ. '१८०८३.५, यूपी १–२, ०१२०झेड' याचा अर्थ १८.०८३५ मेगाहर्ट्झवर मोर्समध्ये कोणीतरी बोलत आहे, एक ते दोन किलोहर्ट्झ वर ऐकत आहे आणि आपल्याकडे सकाळचे सहा पन्नास झाले असताना हे कळवले गेले.

वेळ पाहायला विसरू नका. एचएफवर पंधरा मिनिटांपूर्वीचा स्पॉट जुना झालेला असू शकतो, विशेषतः सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास, जेव्हा एखादा मार्ग थोडाच वेळ उघडतो.

शेऱ्यात एफटी८ असेल, तर त्यावरून आवाजी संपर्काचा अंदाज बांधू नका. एफटी८ उणे २० डेसिबेलच्या आसपासचा सिग्नलही वाचते. मानवी आवाजाला सिग्नल नॉइजच्या वर लागतो. उणे १८ चा अहवाल म्हणजे मार्ग जिवंत आहे, एवढेच. एसएसबीने (आवाजी प्रसारणाने) त्या मार्गावर बोलता येईलच असे नाही.

## ६. ऐका, ओळखा, मगच पुढे

हीच खरी पायरी. स्पॉटवर गेल्यावर हात माईकपासून दूर ठेवा आणि तीन गोष्टी मिळेपर्यंत ऐका.

पहिली, स्टेशन स्वतः ऐकू येते का. त्याला हाका मारणारे लोक ऐकू येणे म्हणजे ते स्टेशन ऐकू येणे नव्हे. समोरच्याने दिलेला सिग्नल अहवाल आणि परत घेतलेले कॉलसाइन तुम्हाला स्पष्ट समजत नसेल, तर त्याने तुम्हाला उत्तर दिले तरी ते तुमच्या लक्षात येणार नाही आणि तुम्ही त्याच्यावरच बोलत राहाल.

दुसरी, कॉलसाइन. ते स्टेशनच्याच तोंडून ऐकले पाहिजे. मोर्समध्ये एका टिंबाने घात होतो: एस म्हणजे तीन टिंबे, एच म्हणजे चार, आकडा ५ म्हणजे पाच. व्ही आणि ४ यांत, तसेच बी आणि ६ यांतही एकाच टिंबाचा फरक आहे. घाईत वाचणाऱ्या माणसाने किंवा क्षीण सिग्नल वाचणाऱ्या स्किमरने एक टिंब गाळले, की दुर्मीळ देशाचा चुकीचा स्पॉट तयार होतो, आणि बाकीचे दहा जण न ऐकता तोच पुढे टाकतात. त्यामुळे एकाच कॉलसाइनचे दहा स्पॉट हा दहा साक्षींचा पुरावा नव्हे. मी असा एक संपर्क मोठ्या आनंदाने लॉगमध्ये उतरवला होता; दुजोऱ्यासाठी कार्ड पाठवले, आणि काही महिन्यांनी ते 'लॉगमध्ये नाही' अशा शेऱ्यासह परत आले. आता कॉलसाइन कानांनी ऐकल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

तिसरी, ते ऐकते कुठे. 'अप', 'फाइव्ह अप', 'लिसनिंग टू हंड्रेड टू टू-टेन' असे शब्द किंवा मोर्समध्ये 'यूपी' ऐकू येईपर्यंत थांबा. स्टेशन बोलून थांबल्यावर त्याच वारंवारतेवर कोणीच उत्तर देताना ऐकू येत नाही आणि तरी संपर्क पटापट होत आहेत, असे असेल, तर ते नक्कीच स्प्लिटवर (एका वारंवारतेवर बोलून दुसरीवर ऐकत) काम करत आहे.

> सूचना: 'जागा रिकामी आहे का' म्हणून त्या वारंवारतेवर ट्यूनर लावू नका. ट्यून करायचे असेल, तर काही किलोहर्ट्झ दूर, रिकाम्या जागी आणि कमी शक्तीवर करा.

## ७. स्प्लिट लावण्याचा क्रम

दुर्मीळ स्टेशनच्या वारंवारतेवर चुकून प्रसारण करणे ही क्लस्टर वापरणाऱ्यांकडून होणारी सर्वांत त्रासदायक चूक आहे, कारण तिचा उपद्रव त्या क्षणी ऐकत असलेल्या शेकडो लोकांना होतो. क्रम असा ठेवा.

१. स्टेशन व्हीएफओ-ए वर (रेडिओत वारंवारता लावण्याच्या ए आणि बी या दोन जागांपैकी पहिलीवर) नीट लावा आणि ए-बरोबर-बी हे बटण दाबून तीच वारंवारता व मोड बी मध्ये आणा.
२. स्प्लिट चालू करा. पडद्यावर तशी खूण आली का ते डोळ्यांनी पाहा.
३. बी ची वारंवारता वर न्या. मोर्ससाठी एक-दोन किलोहर्ट्झ, आवाजासाठी पाच ते दहा, पण शेवटी स्टेशनने सांगितले असेल तेच खरे.
४. प्रसारण वारंवारता ऐकवणारे बटण दाबून धरा (आयकॉमवर एक्सएफसी, केनवूडवर टीएफ-सेट) आणि तिथे काय चालले आहे ते ऐका. इथे नुकत्याच यशस्वी झालेल्या माणसाचा आवाज शोधायचा. तो १४.२०२ वर घेतला गेला आणि त्याच्या पुढचा १४.२०३ वर, तर ऑपरेटर हळूहळू वर सरकतो आहे, तुम्ही १४.२०४ वर जाऊन थांबा.

पुढचा स्पॉट उघडताना स्प्लिट बंद झाले का ते पाहा. काही सॉफ्टवेअर ते आपोआप बंद करते, काही करत नाही. जुने स्प्लिट तसेच राहिले, तर साध्या स्टेशनला तुम्ही पाच किलोहर्ट्झ वरून हाका मारत बसाल, आणि तिथे दुसऱ्या कोणाचे बोलणे चालू असेल ते वेगळेच. ७ मेगाहर्ट्झवर आणखी एक तपासणी करावी लागते: वर सरकताना ७.२०० ओलांडले जात नाही ना.

दुर्मीळ ठिकाणी जाऊन केलेल्या एफटी८ वरच्या मोहिमांमध्ये 'फॉक्स-हाउंड' पद्धत (एक स्टेशन 'फॉक्स', त्याला हाका मारणारे 'हाउंड') वापरली जाते. तीत स्टेशन नेहमीच्या १४.०७४ सारख्या वारंवारतेवर नसते आणि सॉफ्टवेअरमध्ये 'हाउंड' निवडावे लागते. पहिली हाक ध्वनीच्या १००० हर्ट्झच्या वर द्यायची असते.

## ८. हाक

स्पॉट पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटे सर्वाधिक गर्दीची असतात. ५० वॅट आणि डायपोलवाल्याने ती ऐकण्यात घालवावी आणि गर्दी विरळ झाल्यावर बोलावे. पूर्ण कॉलसाइन एकदा, स्पष्ट, ध्वन्यात्मक अक्षरांत द्यावे आणि लगेच ऐकावे. शेवटची दोनच अक्षरे देण्याची सवय लावू नका. त्याने समोरच्याला आणखी एक फेरी करावी लागते. 'फक्त जपान' किंवा 'फक्त युरोप' असे सांगितले असेल, तर गप्प राहायचे. त्याने अर्धे कॉलसाइन घेतले आणि ती अक्षरे तुमची नसतील, तर तेव्हाही गप्पच.

दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळाले नाही, तर आपण कुठवर पोचतो हे मोजून घ्या. रिकाम्या जागी मोर्समध्ये दोनदा 'सीक्यू' आणि दोनदा कॉलसाइन दिले, की रिव्हर्स बीकनच्या पानावर कोणकोणत्या स्किमरने ऐकले ते लगेच दिसते. एफटी८ वाल्यांना पीएसके रिपोर्टरच्या नकाशावर हेच पाहता येते. युरोपातले एकही केंद्र तुम्हाला ऐकत नसेल, तर युरोपातल्या स्टेशनला हाका मारणे त्या वेळेपुरते थांबवा आणि तासाभराने पुन्हा मोजा.

स्पर्धेच्या दिवशी एक वेगळा नियम पाळावा लागतो. सीक्यू वर्ल्ड वाइडसारख्या स्पर्धेत एकट्याने भाग घेऊन क्लस्टर पाहणाऱ्याला 'असिस्टेड' (मदत घेणाऱ्यांच्या) गटातच लॉग पाठवता येतो. नुसती खिडकी उघडी ठेवली होती, हे कारण चालत नाही.

## ९. लॉग आणि दुजोरा

संपर्क झाला की त्याच क्षणी लिहा. टिचकीने भरलेली वारंवारता आणि कॉलसाइन जसेच्या तसे स्वीकारू नका. ऐकलेल्याशी ताडून पाहा. लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर (संपर्कांचा ऑनलाइन दुजोरा देणाऱ्या सेवेवर) दोन्ही बाजूंचे कॉलसाइन, बँड, मोड आणि वेळ जुळावी लागते आणि वेळेत तीस मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. भारतीय वेळेत लिहिलेला लॉग साडेपाच तासांनी चुकतो, म्हणून एकही संपर्क जुळत नाही. वर्षभराचे असे लॉग दुरुस्त करताना मध्यरात्र ओलांडणाऱ्या नोंदींच्या तारखा फार छळतात. पहिल्या पायरीवरचे घड्याळ त्यासाठीच आहे.

डीएक्ससीसी या पुरस्कारासाठी १०० देश-प्रदेशांचा दुजोरा लागतो. त्या ओढीने 'बहुधा झाला असावा' असे संपर्क लिहू नका. समोरच्याने तुमचे कॉलसाइन पूर्ण आणि बरोबर घेतल्याचे ऐकले असेल, तरच तो संपर्क झाला.

## १०. आपण स्पॉट टाकताना

आपल्या भागातून स्पॉट टाकणारे थोडे आहेत, म्हणून झोन २२ चा प्रत्येक प्रामाणिक स्पॉट शेजाऱ्यांच्या फार कामाचा असतो. आदेश सोपा आहे: 'डीएक्स', मग किलोहर्ट्झमध्ये वारंवारता, मग कॉलसाइन, मग शेरा. पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. कॉलसाइन तुम्ही स्वतः ऐकले आहे का, आणि दिलेली वारंवारता स्टेशनची आहे की चुकून तुमच्या स्प्लिटची? शेऱ्यात ते कुठे ऐकते एवढे लिहा. आभार, तक्रार, 'मला का घेत नाही' हे शेऱ्यात लिहू नका. ती ओळ जगभर जाते आणि तुमच्या कॉलसाइनसह साठून राहते. त्याच स्टेशनचा स्पॉट दोन मिनिटांपूर्वी पडला असेल, तर पुन्हा टाकण्याची गरज नाही.

स्वतःचाच स्पॉट टाकणे नेहमीच्या क्लस्टरवर शिष्टसंमत नाही. पार्क्स ऑन द एअरसारख्या (उद्यानांतून प्रसारण करण्याच्या) उपक्रमांच्या स्वतंत्र पानांवर ते चालते. स्पर्धेत काय चालते, ते त्या वर्षीचे नियम वाचून ठरवा.

## ११. तुम्हीच स्पॉट झालात तर

व्हीयू, म्हणजे भारताचे, कॉलसाइन अनेकांना हवे असते. तुम्ही निवांतपणे 'सीक्यू' देत असता, कोणीतरी तुमचा स्पॉट टाकतो आणि मिनिटाभरात शंभर आवाज एकदम कोसळतात. घाबरून रेडिओ बंद करू नका. आवाजाची भिंत असेल, तर कानांवर पडलेली दोन अक्षरे उच्चारा आणि तेच स्टेशन पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणालाही घेऊ नका. तेवढ्याने भागत नसेल, तर वरच्या पाच किलोहर्ट्झमध्ये जागा मोकळी आहे हे ऐकून पाहा आणि 'फाइव्ह अप' जाहीर करा. प्रत्येक संपर्कानंतर आपले पूर्ण कॉलसाइन द्या, कारण स्पॉट पाहून आलेल्यांपैकी कितीतरी जण तुमच्याच तोंडून ते ऐकण्यासाठी थांबलेले असतात. थकवा आला, की 'क्यूआरटी' (प्रसारण बंद करतो) सांगून थांबा.